एलिफंटा साडेपाचला मिटतं, घारापुरी तेव्हा उघडते

साडेपाच वाजत आले की शेतबंदरच्या लांबलचक जेट्टीवर चपलांचा आवाज वाढतो. कोणाच्या हातात अर्धं खाल्लेलं कणीस, कोणाच्या खांद्यावर पेंगुळलेलं पोर, कोणी अजून मोबाईलमध्ये माकडाचा व्हिडिओ दाखवतंय. लाँचवरून हाक येते, दोर सुटतो आणि पंधरा-वीस मिनिटांत जेट्टी मोकळी होते. मिनी ट्रेन जागेवर उभी राहते. पायऱ्यांवरच्या टपऱ्यांना दोऱ्या बांधल्या जातात. मग उरतात ते बेटावरचे हजार-बाराशे लोक, त्यांची कुत्री, आणि समोर पाण्यापलीकडे झगमगणारी मुंबई.

मुंबईकर या बेटाला एलिफंटा म्हणतो, तिथला माणूस घारापुरी. हा नुसता नावाचा फरक असावा अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. तीन फेऱ्यांनंतर वाटू लागलं की खरा फरक घड्याळाचा आहे. एलिफंटा सकाळी पहिल्या लाँचबरोबर सुरू होतं आणि शेवटच्या लाँचबरोबर संपतं. घारापुरी उरलेले सगळे तास असते. पर्यटक आणि रहिवासी एकाच बेटाबद्दल बोलतात तेव्हा त्यांची मतं जुळत नाहीत, याचं बरंचसं कारण हे आहे.

आधीच सांगतो, हे सर्वेक्षण नव्हे. दोनदा हिवाळ्यात आणि एकदा एप्रिलच्या काहिलीत गेलो. लाँचवर शेजारी बसलेल्यांशी, टपरीवाल्यांशी, डोली उचलणाऱ्यांशी, दारात मासळी निवडणाऱ्या बायकांशी बोललो. टक्केवारी काढावी एवढी ती माणसं नाहीत. पण तेच मुद्दे पुन्हा पुन्हा निघाले, आणि ते कुठे एकमेकांवर आपटतात हे दिसायला तेवढं पुरलं.

बेट थोडक्यात

घारापुरी रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात येते. गेटवेपासून सुमारे ११ किलोमीटर, लाँचने तासभर. दोन टेकड्या आणि मधे अरुंद खोलगट भाग. पश्चिमेच्या टेकडीत शैव लेणी, पूर्वेच्या टेकडीवर बौद्ध लेणी आणि विटांच्या स्तूपाचे अवशेष. शेतबंदर, राजबंदर आणि मोरबंदर अशा तीन वस्त्या. लोक पूर्वी भात लावत, मासे धरत, होड्यांची डागडुजी करत; थोडंफार आजही करतात. १९८७ मध्ये लेणी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली आणि बेटाची कमाई हळूहळू पायऱ्यांवर येऊन बसली.

ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी 'एलिफंटा' नाव ठेवलं, तो हत्तीही आता बेटावर नाही. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायच्या खटपटीत फुटला. तुकडे जोडून उभा केलेला हत्ती मुंबईत, भायखळ्याच्या राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ आहे. नाव पाहुण्यांनी दिलेलं, आणि ज्यावरून दिलं तेही पाहुण्यांच्याच गावात.

पाहुणा काय बोलतो

पाहुण्याची स्तुती आणि तक्रार दोन्ही ठरलेल्या क्रमाने येतात. लाँचचा प्रवास सगळ्यांना आवडतो: मागे लागणारे सीगल, गेटवे आणि ताज लहान होत जाणं, नांगरलेली जहाजं. मुख्य लेण्यातल्या सदाशिवाच्या मूर्तीसमोर बडबड्या ग्रुपही क्षणभर गप्प होतो, हे मी तिन्ही वेळा पाहिलं. त्यानंतर मात्र यादी सुरू होते. सव्वाशेच्या आसपास पायऱ्या आणि दोन्ही बाजूंनी टपऱ्या, त्यामुळे टेकडी दिसतच नाही. माकडं पाण्याच्या बाटल्या ओढून नेतात. पाण्याची बाटली महाग. माहिती सांगणारे फलक अपुरे. किनाऱ्यावर, चिखलात, खारफुटीच्या मुळांत प्लास्टिक अडकलेलं.

तिकिटाचा राग वेगळा. लेण्यांचं तिकीट भारतीयांना ४० रुपये आणि परदेशी पाहुण्यांना ६०० रुपये. परदेशी माणूस सहाशेच्या बदल्यात काहीतरी अपेक्षा धरतो आणि ताडपत्रीखालून चालत वर येतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर हिशेब दिसतो. एका लाँचवर पुण्याच्या एका काकांनी मला सांगितलं, "पहिलं काम काय करायचं, तर ह्या टपऱ्या उठवायच्या. बेट आपोआप सुधारेल."

मला तेव्हा त्यांचं पटलं होतं. पायऱ्या चढताना दम लागलेला असतो, डोक्यावर निळं प्लास्टिक तापलेलं असतं, आणि दहा पावलांवर कोणीतरी "ताई, माळ बघा, घेऊ नका, नुसती बघा" म्हणत असतं. अशा वेळी टपऱ्या उठवायला कोणीही तयार होईल.

पैसा कुठे उतरतो

एक साधा हिशेब मात्र त्या वेळी माझ्या डोक्यात आला नव्हता. मुंबईहून निघालेल्या पाहुण्याच्या खिशातला पैसा टप्प्याटप्प्याने बाहेर पडतो. लाँचचं भाडं गेटवेलाच जातं. लेण्यांचं तिकीट पुरातत्त्व विभागाकडे, म्हणजे केंद्राकडे जातं. ग्रामपंचायत जेट्टीपुढे माणशी किरकोळ कर घेते. यानंतर उरतं ते पायऱ्यांवर: ताक, काकडी, कैरी, मक्याचं कणीस, दगडी हत्ती, मण्यांच्या माळा, डोलीचं भाडं. पाहुण्याला जो भाग बेटाला लागलेला डाग वाटतो, नेमक्या त्याच दोनशे-तीनशे पावलांत बेटाच्या हातात रोकड येते.

शेतबंदरच्या एका टपरीवालीने मला ताक दिलं आणि माझ्या टपऱ्यांबद्दलच्या प्रश्नाला आधी नुसती हसली. तिच्या टपरीला तीन बाजूंनी ताडपत्री, चौथ्या बाजूला कड्याचा खडक. खडकातल्या खिळ्याला पिशवी, पिशवीत मुलीची वही. मग म्हणाली, "दादा, आम्हाला पण पक्कं दुकान आवडंल की. बांधू देतंय कोण?"

तिच्या प्रश्नामागे खरा कायदा आहे. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढे आणखी २०० मीटरपर्यंत परवानगीची अट, ही २०१० च्या दुरुस्तीपासूनची केंद्रीय कायद्याची चौकट. त्यावर किनारपट्टीचे सीआरझेड नियम, त्यावर जागतिक वारसा म्हणून बेटाभोवती किनाऱ्यापासून किलोमीटरभर राखलेला पट्टा. यातला प्रत्येक नियम आपापल्या जागी योग्य आहे. लेण्यांच्या तोंडाशी तीन मजली हॉटेल कोणालाच नको आहे. पण एकत्र परिणाम असा होतो की पक्कं काही उभं राहत नाही आणि कच्चं कायमचं राहतं. पाहुणा म्हणतो, हे लोक अशीच झोपडपट्टी करतात. कच्चेपणा त्यांनी हौसेने निवडलेला नाही, हे त्याला कोण सांगणार?

वीज: जी पाहुण्याला कधी लागलीच नाही

या प्रकरणाचा सगळ्यात बोलका भाग विजेचा आहे. घारापुरीला कायमची वीज मिळाली फेब्रुवारी २०१८ मध्ये. समुद्राच्या तळाशी सुमारे साडेसात किलोमीटर लांबीची २२ केव्हीची केबल टाकली गेली, खर्च २५ कोटींच्या घरात. त्याआधी डिझेल जनरेटर होता, तोही संध्याकाळचे काही तास. स्वातंत्र्याला सत्तर वर्षं झाल्यावर घारापुरीत दिवे, अशा बातम्या आल्या तेव्हा मुंबईत अनेकांना खरोखर आश्चर्य वाटलं. शाळेच्या सहलीपासून माणसं तिथे जात होती, आणि बेटावर वीज नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं!

ठाऊक असायचं कारणच नव्हतं. पाहुणा उजेडात यायचा आणि उजेड असताना परतायचा. अंधार त्याच्या वेळापत्रकात नव्हता. पर्यटकांचं मत विचारूनच विकासाची यादी करायची ठरली असती, तर वीज त्या यादीत बहुधा दहाव्या क्रमांकावरही आली नसती. रहिवाशांना विचारलं तर ती पहिली होती. मोरबंदरच्या एका आजोबांना वीज आल्याचं काय आठवतं असं विचारलं, तर ते ना मंत्र्यांबद्दल बोलले ना समारंभाबद्दल. त्यांना आठवत होता घरातला पंखा, जो रात्री मधेच बंद पडला नाही. "पहिल्या दिवशी झोपच लागंना," म्हणाले. "सवय होती ना, जनरेटर बंद झाला की झोपायचं."

आता फ्रीज आहेत, म्हणून पाहुण्याला सरबत गार मिळतं. पण विजेची मागणी सरबतासाठी झाली नव्हती.

पाण्याचं तसं झालेलं नाही. बेटावर पाऊस भरपूर पडतो, पावसाचं पाणी अडवणारं छोटं धरणही आहे. तरी उन्हाळा सरता सरता हंडे-कळश्या पुढे येतात. एप्रिलच्या फेरीत घराघराबाहेर निळे पिंप ओळीने दिसले. त्याच दिवशी परतीच्या लाँचवर बाटलीच्या किमतीवरून वाद चालू होता. दोन्ही गोष्टी पाण्याच्याच, आणि एकाही पाहुण्याने त्या एकमेकींशी जोडल्या नाहीत. मीही लाँचवर बसल्यावरच जोडल्या.

समुद्र दोघांचा, भीती वेगवेगळी

१८ डिसेंबर २०२४ च्या दुपारी गेटवेहून एलिफंट्याकडे निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या एका वेगवान बोटीची धडक बसली. त्या बोटीच्या इंजिनाची चाचणी चालू होती. अपघातात १५ जणांचा जीव गेला. प्रवासी बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. त्यानंतर लाइफ जॅकेट सक्तीचं झालं.

या विषयावर मत विचारलं की दोघांची उत्तरं फार दूर जातात. पाहुण्यासाठी हा 'जावं का न जावं' असा प्रश्न आहे, त्याच्याकडे न जाण्याचा पर्याय असतो. बरेच जण जॅकेट घालतात आणि फोटोच्या वेळी काढतात. रहिवाशाला हा पर्याय नाही. कॉलेज, प्रसूती, तहसील, बँक, सगळं पाण्यापलीकडे, उरणला किंवा मुंबईला. डोली उचलणारा एक तरुण म्हणाला, "तुम्ही वर्षातून एकदा येता नि घाबरता. आम्ही रोज येतो-जातो, आम्ही घाबरून कसं चालेल?" यात शौर्याचा आव नव्हता, थोडी चीड होती. रात्री कोणाच्या पोटात दुखायला लागलं तर कोणाची बोट, कोण तांडेल, किती डिझेल, ही चर्चा तिथे घराघरात पाठ असते.

२०१८ मध्येच तेव्हाच्या मुंबई पोर्ट ट्रस्टने शिवडी ते एलिफंटा अशा सुमारे आठ किलोमीटरच्या समुद्रावरच्या रोपवेची योजना मांडली होती. ती अजून कागदावरून खाली उतरलेली नाही. लाँचवरच्या पाहुण्यांना रोपवे म्हटलं की डोळ्यांत चमक येते: काही मिनिटांत बेट, वरून खाडी, मुलं खूश. बेटावर मी तोच प्रश्न टाकला तेव्हा एका बाईंनी मासळीवरची मान वर न करता विचारलं, "रात्री दोनला चालंल का?" मला या सगळ्या प्रकरणात ऐकलेला हा सर्वांत उपयोगी प्रश्न वाटतो. बेटासाठी कुठलीही योजना आली की तिला हाच प्रश्न विचारावा. वीज त्यात पास होते. रोपवे काठावर अडकतो. जेट्टीवरचं सुशोभीकरण सरळ नापास.

थोडं विषयांतर. याच प्रवासाच्या दुसऱ्या टोकाला, कुलाब्यात रेडिओ क्लबजवळ नवी जेट्टी उभारायचं काम २०२५ मध्ये हाती घेतलं गेलं. गर्दी, वाहनं, समुद्राकडचा मोकळा पट्टा जाणार, म्हणून तिथल्या रहिवाशांनी न्यायालयात धाव घेतली. मुंबई उच्च न्यायालयाने काही अटी घालून काम होऊ दिलं. म्हणजे जो कुलाबेकर एलिफंट्यावर 'सोयी वाढवा' म्हणतो, तोच स्वतःच्या दारात पर्यटकांच्या सोयी वाढल्या की रहिवासी होतो. यात दोष कोणाचाच नाही. आपण कुठल्या काठावर उभे आहोत त्याप्रमाणे मत फिरतं, एवढंच.

कचऱ्याबाबत मात्र पाहुण्याचं मत सरळ चुकीचं आहे, असं मला वाटतं. पायऱ्यांवरचा कचरा पाहुण्यांचा आणि टपऱ्यांचा मिळून होतो, ते खरं. पण किनाऱ्यावरचं, खारफुटीत अडकलेलं प्लास्टिक बहुतांशी भरतीबरोबर येतं आणि भरती मुंबई बंदरातून येते. ऑगस्ट २०१० मध्ये बंदराबाहेर दोन जहाजांची टक्कर होऊन तेल सांडलं तेव्हा घारापुरीच्या खारफुटीवर काळा थर चढला होता. त्यात ना टपरीवालीचा हात होता ना सहलीला आलेल्या शाळेचा. शेजारच्या बुचर बेटावर, म्हणजे जवाहर द्वीपावर, तेलाच्या टाक्या आहेत. ऑक्टोबर २०१७ मध्ये तिथल्या टाकीवर वीज पडून आग लागली आणि विझायला काही दिवस गेले. बेट मोठ्या बंदराच्या पोटात आहे. बंदराला सर्दी झाली की घारापुरी शिंकते.

मुक्काम

सगळ्यात गुंतागुंतीचा मुद्दा हाच. पर्यटकांना बेटावर रात्री राहू देत नाहीत. पाहुण्यांची, विशेषतः तरुणांची, मोठी तक्रार: "इतकं सुंदर बेट, एक होमस्टे नाही?" काही रहिवाशांचीही हीच इच्छा आहे. रात्रीचं जेवण, दोन खोल्या, सकाळी मासे धरायला नेणं. पैसा पायऱ्यांवरून घरात येईल आणि ताडपत्रीचा भार कमी होईल, असा त्यांचा युक्तिवाद. तो पोकळ नाही.

वयस्कर माणसं मात्र हा विषय निघाला की थबकतात. एक आजी म्हणाल्या, "दिवसभर सगळे आमचेच पाहुणे. रात्री तरी दार लावून बसू दे."

पर्यटनाच्या अभ्यासात जॉर्ज डॉक्सी यांची १९७५ ची एक मांडणी अजून वापरली जाते. बार्बाडोस आणि कॅनडातलं नायगरा-ऑन-द-लेक यांच्या निरीक्षणांवरून त्यांनी म्हटलं की पाहुण्यांबद्दल स्थानिकांची भावना पायऱ्या उतरत जाते: आधी उत्साह, मग सवयीची उदासीनता, मग चीड, शेवटी वैर. घारापुरीत इतकी दशकं पाहुण्यांची रीघ असताना मला चीड दिसली, पण ती सरकारी खात्यांवर आणि नियमांवर. पाहुण्यांवर वैर कुठे दिसलं नाही. आगाऊ तरुणांना टपरीवाल्या दोन शब्द सुनावतात, तेवढंच.

याचं श्रेय मी शेवटच्या लाँचला देतो. रोज संध्याकाळी बेट लोकांना परत मिळतं. जिथे ते परत मिळत नाही तिथे काय होतं याचं एक टोक फिलिपिन्समधलं बोराकाय. हॉटेलांची दाटी आणि समुद्रात जाणारं सांडपाणी यामुळे २०१८ मध्ये ते अख्खं बेट सहा महिने पर्यटकांना बंद ठेवावं लागलं. घारापुरीत पिण्याच्या पाण्याचेच वांधे असताना रात्रीच्या पाहुण्यांच्या आंघोळी कुठून भागवणार? म्हणून मुक्कामाची घाई करू नये या बाजूचा मी आहे. पण हे बोलताना मला माझी सोयही दिसते: मला रात्री घरी जायचंच असतं, आणि बेटाचं उत्पन्न साडेपाचला थांबतं त्याची झळ मला लागत नाही. पाण्याची सोय पक्की झाली आणि खोल्या गावातल्याच घरांत, गावाच्या हातात राहिल्या, तर माझं मत बदलेल. आज ते तसं नाही.

सांस्कृतिक बाजूलाही शेवटची लाँच आडवी येते. बेटाच्या नावाने भरणारा एलिफंटा महोत्सव गेटवेवरही भरवला गेला आहे. नाव बेटाचं, गर्दी आणि गाणं मुंबईत. प्रेक्षकांना रात्री समुद्र ओलांडायला लावण्यापेक्षा महोत्सवानेच समुद्र ओलांडणं सोपं होतं.

सोमवार

लेणी सोमवारी बंद असतात. शंकराचा वार, आणि नेमका त्याच दिवशी मुख्य लेण्यातल्या लिंगापुढे पाहुणा नाही. महाशिवरात्रीला पंचक्रोशीतून माणसं होड्या भरून येतात, तेव्हा लेण्यात घंटा, बेल, दूध असं वेगळंच वातावरण असतं. एरवी ते तिकिटाचं स्मारक. लेणी कोणाची, हा प्रश्न मी मुद्दाम कोणाला विचारला नाही.

बेटावर सोमवार म्हणजे रविवार. त्या दिवशी उरणचा बाजार होतो, डॉक्टर होतो, ताडपत्रीची ठिगळं होतात, मुलांना ओरडायला वेळ मिळतो. तिसऱ्या फेरीत निघताना टपरीवाली ताई माझ्या वहीकडे बघत म्हणाली, "असं उभ्या उभ्या काय कळणार तुम्हाला? सोमवारी या. घरी बसू, निवांत बोलू."

मी हो म्हणून बसलो. जेट्टीवर पोचल्यावर ध्यानात आलं, सोमवारी गेटवेहून पाहुण्यांची लाँच सुटतच नाही.